बेडूक हातात घ्यावा का? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पाऊस लागला की या सदराकडे बेडकांची पत्रं येतात. दरवर्षी ती ‘घरात शिरला, काय करू’ अशी असतात. यंदा काही पत्रं पाळलेल्या बेडकांबद्दलही आहेत. काहींमध्ये मुख्य प्रश्न एकच आहे: त्याला हात लावला तर चालतो का? उत्तर प्रत्येक बेडकाप्रमाणे बदलतं, म्हणून पत्रं वेगवेगळीच घेतली आहेत.

माझी नऊ वर्षांची मुलगी सोसायटीमागच्या डबक्यातून बेडूक पकडते आणि आईस्क्रीमच्या डब्यात घालून घरी आणते. सासूबाई म्हणतात, बेडूक मुतला की हाताला चामखीळ येते. मला विषाची भीती वाटते. तिला थांबवू का? (एक आई, पुणे)

आधी चामखिळीचं. ती माणसांमध्येच पसरणाऱ्या ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे येते. बेडकाच्या पाठीवरच्या गाठी म्हणजे त्याच्या ग्रंथी. चामखिळीशी त्यांचं साम्य फक्त दिसण्यापुरतं आहे.

मुतण्याबद्दलचं सासूबाईंचं निरीक्षण मात्र खरं आहे. पकडला की बेडूक बहुतेक वेळा मुततो. मूत्राशय ही त्याची पाण्याची टाकी असते आणि कोरड्या दिवसांत तो त्यातलं पाणी शरीरात परत ओढून घेतो. जुलैमध्ये ही टाकी रिकामी झाली तरी लवकर भरते. पण मार्चमध्ये कुंडीखाली सापडलेला बेडूक केवळ हौसेखातर उचलला, तर त्याची उन्हाळ्याची शिदोरी सांडली असं समजा.

विषाचं म्हणाल, तर आपल्या अंगणातल्या, शेतातल्या बेडकांच्या त्वचेवरचा स्राव धडधाकट कातडीला काही करत नाही. तोच हात डोळ्याला किंवा ओठाला लागला, तर चांगली आग होते. तेव्हा बेडूक हाताळताना हात तोंडाकडे न्यायचा नाही आणि नंतर साबणाने किमान २० सेकंद धुवायचा, एवढा नियम पुरे. डोळ्यात गेलंच तर नळाच्या धारेखाली १५ मिनिटं डोळा धुवा, चोळू नका. त्यानंतरही लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवा.

खरी काळजी उलट दिशेची आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या खालच्या पातळ कातडीतून तो ते शोषतो. श्वासोच्छ्वासाचा बराच भागही कातडीतूनच चालतो. त्यामुळे आपल्या हातावर जे असेल ते त्याच्या अंगात जातं: सॅनिटायझर, सनस्क्रीन, नीट न धुतलेला साबण. पावसाळ्यात संध्याकाळी खेळायला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आपण डास पळवणारं क्रीम चोपडतो, आणि बेडकासाठी ते फार वाईट. हात कोरडा असला तर बेडकाच्या अंगावरचा चिकट थर पुसला जातो. तो थर गेला की कातडी सुकते आणि जंतूंना वाट मिळते.

घरी आणणं मात्र थांबवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दात संरक्षित प्राणी पकडणंही येतं. पावसात पिवळाधमक होऊन डराँव डराँव करणारा आपला मोठा बेडूक, म्हणजे इंडियन बुलफ्रॉग, या कायद्याने संरक्षित आहे. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ मध्येच बंद केली. नऊ वर्षांच्या मुलीला कोणी पकडून नेणार नाही. पण झाकण लावलेला डबा उन्हात दहा मिनिटं राहिला, तरी आतला बेडूक मरू शकतो. त्याऐवजी तिला एक पारदर्शक डबा द्या. डबक्याच्या काठावरच त्याच डबक्यातलं बोटभर पाणी डब्यात घ्यायचं, बेडूक पाच मिनिटं बघायचा आणि उचलला त्याच जागी सोडायचा. ओरडू नका, टॉर्च द्या. रात्री आठनंतर दिसतात ते बेडूक दिवसापेक्षा निराळे असतात.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाच्या वाढदिवसाला व्हाइट्स ट्री फ्रॉग आणला. दुकानदार म्हणाला, हा हातावर बसतो. मुलगा रोज त्याला बाहेर काढायला मागतो. किती वेळ, कसा, आणि काय टाळायचं? (एक वडील)

दुकानदार खोटं बोलला नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीकडचा हा हिरवा, गुबगुबीत बेडूक हाताळणी सहन करणाऱ्या मोजक्या जातींपैकी आहे. पण त्याला ती आवडते, असा अर्थ काढू नका. कुत्र्यासारखी कुरवाळून घेण्याची हौस कोणत्याच बेडकाला नसते. तो शांत बसला याचा अर्थ त्याने पळण्याचा बेत तूर्त सोडला आहे, एवढाच. तेव्हा रोज नको. आठवड्यातून एकदा, तीन ते पाच मिनिटं. नवीन आणला असेल तर पहिले दोन आठवडे अजिबात नाही. तो नीट खायला लागला, की मग.

पाण्यापासून सुरुवात करा, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी नळाच्या पाण्यात क्लोरिनऐवजी क्लोरामाइन असतं. क्लोरिन रात्रभर उघडं ठेवलं की उडून जातं. क्लोरामाइन तसं जात नाही. त्यासाठी मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं कंडिशनर वापरा, आणि त्यातही अमोनियाचा बंदोबस्त करणारं घ्या, कारण क्लोरामाइन तोडलं की अमोनिया मागे राहतो. डिस्टिल्ड पाण्यात त्याला बसवू नका. त्या पाण्यात क्षार नसतात आणि बेडकाच्या अंगातले क्षार कातडीवाटे बाहेर ओढले जातात.

आता हात. अंगठ्या काढा. बिनवासाच्या साबणाने हात धुवा आणि साबण लागला होता हे विसरून जाण्याइतके खळखळून धुवा, म्हणजे तीन-चार वेळा. शेवटी कंडिशनर घातलेल्या पाण्यात हात बुडवा आणि पुसू नका. हे पाणी खोलीच्या तापमानाचं हवं. आपला तळवा साधारण ३२ ते ३३ अंश असतो आणि बेडूक २४-२५ अंशांवर जगतो. त्याच्या अंगाला आपला हात कोमटपेक्षा जास्त लागतो. पाच मिनिटांची मर्यादा यासाठीही आहे.

हातमोजे घालायचे असतील तर पावडर नसलेले नायट्राइलचे घ्या आणि तेही पाण्यात विसळून. लेटेक्स नको. घरात कोणाच्या हाताला चीर असेल किंवा एक्झिमा असेल, तर मोजे घालणंच बरं.

मुलाला जमिनीवर मांडी घालून बसवा. पलंगावर नाही, उभ्याने तर नाहीच. खोलीचं दार लावा, छताचा पंखा बंद करा, कुत्रा-मांजर बाहेर काढा. झाडावरचा बेडूक उडी मारताना पडायला घाबरत नाही. तो झाडावरून झाडावर झेप घेणारा प्राणी आहे, आपल्या खांद्यावरून भिंतीकडे जाताना त्याला विचार करायचा नसतो. जमिनीवर बसलेल्या मुलाच्या हातातून पडला तर फार लागत नाही. पाच फुटांवरून फरशीवर पडला तर जबडा किंवा मांडी मोडू शकते.

उचलताना हात वरून आणू नका. वरून येणारं सगळं त्याच्या लेखी पक्षी असतं. तळवा त्याच्या पुढ्यात जमिनीलगत धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मागून हलकंच ढकला, तो स्वतः चढेल. काचेला चिकटला असेल तर ओढू नका. बोटांच्या टोकांवरच्या गाद्या वरून खाली सोलल्यासारख्या ओढल्या तर त्यांना इजा होते. ओलं बोट खालून सरकवत नेलं की त्या एकेक सुटतात. तो हातावर आला, की दुसरा हात वर दोन-तीन सेंटिमीटरवर छपरासारखा धरा. बंद मूठ नाही, छप्पर. त्याला अंधार मिळतो आणि उडी जागच्या जागी थांबते.

ताण आल्याची चिन्हं मुलाला शिकवा, त्याला ती मोठ्यांपेक्षा लवकर दिसतील: रंग हिरव्याचा तपकिरी होणं, फुगणं, मुतणं, सारखं पळू बघणं. यातलं काही दिसलं की खेळ संपला. (थंडीनेही तो तपकिरी होतो, म्हणून आधी त्याच्या काचेच्या टाकीतला थर्मामीटर बघा.) कमानीसारखी पाठ करून तो तोंड उघडत-मिटत असेल, तर बहुधा कात टाकून गिळतो आहे. तेव्हाही हात लावू नका. खाऊन झाल्यावर एक दिवस त्याला बाहेर काढू नका, नाहीतर खाल्लेलं बाहेर काढतो.

निसटलाच, तर सोफा हलवू नका. दिवे बंद करा, टॉर्च घ्या आणि खाली वाकून भिंतीच्या कडा बघा. सापडल्यावर अंगाला केस-धूळ चिकटलेली असेल, ती कापडाने पुसायची नाही. कंडिशनरच्या बोटभर पाण्यात २० मिनिटं बसवा, ती सुटते. चारही पाय सारखे वापरतो का, तेवढं पाहा.

नंतरचा भाग मोठ्यांचा. सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे, आणि टाकीतली वाटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही धुवायची नाही. बेडूक स्वतः धडधाकट असतानाही त्याच्याकडे साल्मोनेला, म्हणजे जुलाब-ताप आणणारा जिवाणू, असू शकतो.

आणि एक, मुलाला आत्ताच सांगून ठेवा. हा बेडूक १५ वर्षं सहज जगतो. मुलगा कॉलेजला जाईल तेव्हा कीटक कोण घालणार, हे घरात ठरू द्या.

मुंबईत एका मत्स्यालयाच्या दुकानातून पॅकमन बेडूक घेतला. खायला देताना त्याने बोट धरलं आणि सोडेना. रक्त आलं. हा विषारी आहे का? (एक तरुण, चेंबूर)

विषारी नाही, भुकेला आहे. दक्षिण अमेरिकेतले हे शिंगवाले बेडूक मातीत अर्धे गाडून घेऊन बसतात आणि पुढ्यातून जे हलतं ते गिळतात. त्यांच्या वरच्या जबड्यात खरे दात असतात आणि खालच्या जबड्यात दोन सुळ्यांसारखे हाडाचे उंचवटे. म्हणून रक्त येतं. तुम्ही बोट खेचलं असेल तर जखम त्या खेचण्याची जास्त आहे, आणि त्यात बेडकाचा जबडाही दुखावतो.

पुढच्या वेळी बोट स्थिर ठेवा. हात बेडकासकट जमिनीलगत न्या आणि त्याच्या नाकावर पाण्याची बारीक धार सोडा किंवा दोघांना उथळ पाण्यात टेकवा. भक्ष्य हलत नाही आणि नाकात पाणी जातंय, असं झालं की तो सोडतो. जखम वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि धनुर्वाताची लस कधी घेतली ते डॉक्टरांना सांगा.

मुळात ती वेळच येऊ नये. खाणं द्यायला २५ ते ३० सेंटिमीटर लांबीचा, टोकाला रबर असलेला चिमटा वापरा. हा बेडूक हातात घेण्याचा प्राणीच नाही. टाकी साफ करताना तो मागून उचला. दोन्ही हातांची बोटं पुढच्या पायांमागून छातीखाली, तळवे पोटाखाली. समोरून हात नेला तर काय होतं ते तुम्हाला कळलेलंच आहे. त्याहून सोपं म्हणजे ओला, रुंद प्लास्टिकचा डबा आडवा धरून त्यात त्याला मागून ढकलायचं.

मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये त्याला जपा. २४ ते २८ अंश त्याला मानवतात. तापमान ३० च्या वर राहिलं की तो खाणं सोडतो, आणि बंद काचेच्या टाकीत थेट ऊन आलं तर एका दुपारीत मरतो. घरात त्याला थंड कोपरा नसेल, तर हा बेडूक तुमच्यासाठी नव्हता, असं आम्ही स्पष्टच म्हणू.

बिलावर शास्त्रीय नाव लिहून घेतलंत का? परदेशी प्राण्यांपैकी ज्या जाती वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, उदाहरणार्थ रंगीबेरंगी डार्ट बेडूक, त्या घरात असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंद करावी लागते. जात कोणती हे नीट माहीत नसलं, तर तुम्ही नोंदीच्या कक्षेत आहात की नाही हेही कळणार नाही.

कंटाळा आला म्हणून तो आरेच्या जंगलात किंवा एखाद्या तलावात सोडायचा नाही. परका बेडूक काय करतो याचं उदाहरण आपल्याच घरचं आहे. मुख्य भूमीवरचा इंडियन बुलफ्रॉग अंदमानात पोहोचला आणि तिथे आता स्थानिक लहान प्राणी खातो आहे.

पाऊस लागला की न्हाणीघरात भिंतीला बेडूक चिकटलेले असतात. आजी मीठ टाकते. दुसरा उपाय? (रत्नागिरी)

मीठ टाकू नका. ओल्या कातडीवर मीठ पडलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि बेडूक तडफडून मरतो.

हाताने धरायचीही गरज नाही. तुमचे हे भिंतीवरचे पाहुणे बहुधा झाडावरचे बेडूक आहेत, दिव्याभोवतीचे किडे आणि ओल यांसाठी आलेले. प्लास्टिकचा मग आतून ओला करा, बेडकावर भिंतीला टेकवा, मागून जाड पुठ्ठा किंवा जुनी लग्नपत्रिका सरकवा. संध्याकाळी केळीच्या बुंध्याशी सोडा, लांब नेऊ नका. तो लगेच परत आला तर न्हाणीचा दिवा रात्री बंद ठेवा आणि खिडकी-मोरीला जाळी लावा. फरशीवर फिनेल किंवा अॅसिड टाकल्यानंतर त्यावर बेडूक दिसला, तर त्याला साध्या पाण्याच्या दोन-तीन मगांनी हळूच धुवून बाहेर काढा. तो उडी मारत नसला तरीही हे करा, धुतल्यावर काही सावरतात.

आमच्या कुत्र्याने अंगणातला खरखरीत बेडूक तोंडात धरला. तोंडातून फेस येऊ लागला. घाबरून दूध पाजलं. बरोबर केलं का? (वर्धा)

दुधाने काही साधत नाही. पुढच्या वेळेसाठी आधी हे लक्षात ठेवा: वेळ मिनिटांत मोजायची आहे.

दिव्याखाली किडे खायला येतो तो काळपट, खरखरीत प्राणी म्हणजे भेक. डोळ्यांमागे त्याच्या दोन लांबट फुगीर ग्रंथी असतात. त्या दाबल्या गेल्या की पांढुरका, चिकट स्राव येतो आणि त्यातली द्रव्यं हृदयावर काम करतात. नुसत्या स्पर्शाने तो स्राव उडत नाही. कुत्र्याच्या जबड्याने मात्र त्या नेमक्या दाबल्या जातात.

कुत्र्याचं डोकं खाली झुकवून धरा. पाण्याची हलकी धार तोंडाच्या एका कडेने सोडा, म्हणजे ती दुसऱ्या कडेने बाहेर पडेल. घशाच्या दिशेने सोडलीत तर पाणी फुप्फुसात जाईल आणि विषही पोटात. पाच ते दहा मिनिटं धुवा. मधून ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा, फडकं दरवेळी पिळून घ्या, कारण तो स्राव चिकट असतो. मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका.

बहुतेक कुत्री नुसत्या फेसावर सुटतात. हिरड्या लालभडक होणं, तोल जाणं, वारंवार उलट्या, छातीचे ठोके अनियमित होणं, झटके, यातलं एकही दिसलं तर थेट पशुवैद्याकडे. पिल्लू किंवा लहान वजनाचं कुत्रं असेल तर चिन्हांची वाट पाहू नका, धुवून झाल्यावर निघा. आणि जाताना ‘भेक चावला’ म्हणू नका, ‘भेकाला चावला’ म्हणा. डॉक्टरांच्या डोक्यात पहिल्यांदा साप येतो, त्यात वेळ जातो.

भेक अंगणातून हलवायचा असेल तर ओल्या हाताने किंवा प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून धरा. तळवा पोटाखाली, अंगठा पाठीच्या मध्यावर, डोळ्यांमागे दाब नको. त्याला मारू नका. दिव्याखालचे किडे रात्रभर फुकटात वेचणारा दुसरा कोणी मिळणार नाही.

पाऊस ओढला की आमच्या गावात मुसळाला कडुनिंबाच्या डहाळ्या आणि बेडूक बांधून मुलं ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत घरोघर फिरतात. घरातल्या बाया वरून पाणी ओततात. बेडकाला त्रास होतो का? (एक शिक्षिका, विदर्भ)

होतो. दोरी कंबरेला आवळली की श्वास अडतो, कारण बेडूक घसा हलवून हवा आत ढकलतो आणि त्यासाठी पोट मोकळं लागतं. दोन घरांमधलं ऊन त्याची कातडी वाळवतं. वरून पाणी पडतं ते दर घरी मूठभर, तेवढ्याने भरून निघत नाही. त्यातही पाऊस ओढलेल्या दिवसांत सापडलेला बेडूक आधीच कोरडा पडलेला असतो.

मुलांना मातीचा बेडूक करायला लावा. शेतातल्या काळ्या मातीचा मुठीएवढा, सावलीत दोन दिवस वाळवलेला, तो बाहेरून पाणी पडून विरघळत जातो. जिवंत बेडकापेक्षा मुलं त्यात जास्त रमतात, आणि गाणं तेच राहतं.

मुलाकडे ह्यूस्टनला आले आहे. नातीच्या खोलीत छोट्या काचेच्या टाकीत दोन इवले बेडूक आहेत, कायम पाण्यातच असतात. घरात दुसरं मूल दीड वर्षाचं आहे. काळजी करू का? (एक आजी)

करा, आणि मुलाला वाचून दाखवा. तुमच्या वर्णनावरून हे आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग वाटतात. २००८ ते २०११ या काळात अमेरिकेत साल्मोनेलाची मोठी साथ याच जातीच्या पाळीव बेडकांवरून पसरली आणि तिच्यात लहान मुलं जास्त होती. बेडकाला हात न लावताही ती पसरू शकते. टाकीचं पाणी, त्यातले खडे, ज्या सिंकमध्ये टाकी धुतली ते सिंक, एवढं पुरतं. पाच वर्षांखालच्या मुलांनी बेडूक आणि त्याचं पाणी या दोन्हींपासून दूर राहावं, असंच सांगितलं जातं. घरात कोणी गरोदर असेल किंवा केमोथेरपी चालू असेल, त्यांनाही हेच लागू.

टाकी दीड वर्षाच्या बाळाचा हात पोहोचणार नाही अशा खोलीत आणि उंचीवर ठेवायला सांगा. पाणी बदलणं मोठ्याने करायचं, पाणी संडासात ओतायचं, बादली त्याच कामाला राखून ठेवायची. या बेडकांना हातात घ्यायचं काहीच कारण नाही. पाण्याबाहेर ते फार लवकर सुकतात. हलवायचे असतील तर पाण्यासकट कपात.

पाचवीच्या वर्गासाठी बेडूकमासे आणून वर्गात वाढवायचे आहेत. मुलांना हात लावू द्यावा का? (एक शिक्षक, सातारा)

हात नाही, आणि शक्य असेल तर आणूही नका. वर्गच डबक्याकाठी न्या. बेडूकमाशाची कातडी मोठ्या बेडकाहून नाजूक असते. हातमोज्यांमधली रसायनंही काही जातींच्या बेडूकमाशांना मारतात, त्यामुळे ‘मोजे घातलेत ना, मग चालेल’ हा विचार इथे चुकतो. पांढऱ्या कपात त्याच पाण्यासकट उचला, एका कपात एक किंवा दोन. पांढऱ्या तळावर मागचे पाय फुटलेले, न फुटलेले असे टप्पे मुलांना स्वच्छ दिसतात. दहा मिनिटांत परत.

एकाच दिवशी दोन डबकी करायची असतील तर एकातला प्राणी किंवा पाणी दुसऱ्यात टाकू नका. कायट्रिड नावाची पाण्यातून पसरणारी बुरशी बेडकाच्या कातडीत वाढते, क्षारांचा तोल बिघडवते आणि शेवटी हृदय थांबतं. जगभर बेडकांच्या अनेक जाती तिने संपवल्या आहेत, आणि ती पश्चिम घाटातही आढळली आहे. सहलीहून आल्यावर बुटांचा चिखल ब्रशने काढा आणि बूट, कप, जाळी कडक उन्हात पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात ऊन मिळणार नाही, तेव्हा ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात कप आणि जाळी पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा.